ठमीला शांतता सोसत नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

छोटे,

आठ महिन्यांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. कागद पाठकोरा आहे, मागे ह्यांच्या चष्म्याचं बिल आहे, ते वाचत बसू नकोस.

फोनच करणार होते. पण आईला फोनवर ऐकू येत नाही, आणि आपण दोघी बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडण. पत्रात निदान तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस. आईला अक्षर दिसत नाही म्हणजे वाचून तूच दाखवणार. म्हणून मी अशी सोय केली आहे: रेघेच्या वरचं मोठ्याने वाचायचं, रेघेखालचं फक्त तुझ्यासाठी.

आई, तुला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझी दोन्ही बदकं मजेत आहेत. मास्तर अजून तसाच मान पुढे काढून, वर्ग तपासायला आल्यासारखा अंगणभर फिरतो आणि ठमी त्याच्या मागे. तुझी खोली रोज झाडते. तुझी गादी परवा उन्हात घातली होती. रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव घेते. गोळ्या वेळेवर घे. छोटीच्या लक्षात राहिलं नाही तर तू आठवण कर.

———

आता खरं सांगते. ठमी मजेत नाही. तिच्या उजव्या पायाच्या तळव्याला गळू झालं होतं. अंगणातल्या खडबडीत सिमेंटने घासून होतं म्हणे असं. पाय टेकवेना, अंग तापलं. शनिवारी जनावरांच्या डॉक्टरांनी चिरून आतला गोळा काढला, मटाराएवढा आणि तितकाच टणक. सात दिवस औषध, पट्टी रोज बदलायची. पहिली पट्टी डॉक्टरांची, पुढच्या सगळ्या जुन्या उशीच्या अभ्र्याच्या, उकळून वाळवलेल्या.

तिला मी अडगळीच्या खोलीत ठेवलं आहे. खाली मऊ पेंढा, खिडकीवर चादर, दार बंद. मास्तरला अंगणात ठेवला आहे, तिला त्रास नको. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असं ह्यांना बजावलं आहे. आजारपण कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा अकरा आठवडे मीच केलं.

पण ती खात नाही. तीन दिवसांत पाच मटार. हिशेबाच्या वहीत मागची पानं तिच्यासाठी काढली आहेत, त्यात लिहिते. आई तिला भरवायची तेव्हा काय करायची? काही म्हणायची का? तू सहज विचार, ठमी आजारी आहे हे कळू न देता. कसं ते तू बघ. तुला गोड बोलून काढून घेता येतं. माणसंसुद्धा.

ताई


सोमवार, १० फेब्रुवारी

छोटे,

आई, नमस्कार. ठमी मजेत. मास्तर मजेत. ह्यांचा खोकला थांबला. तुझ्या खोलीतल्या कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं, आता कुरकुरत नाही.

———

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. तुझ्या घरातल्याच केस कापायच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना लिहिलंस वाटतं; घडीत कुणाचा तरी केस आला आहे, तांबडा रंगवलेला.

विचारलंस ते बरं केलंस. "आई म्हणते, मी काही करत नव्हते, नुसती तिथे बसायचे." वा! सहा वर्षांपूर्वी खोक्यातून दोन पिल्लं घरात आणली तेव्हापासून तिने "नुसतं बसायचं" आणि मी घाण काढायची, पाणी बदलायचं, अंगण धुवायचं. आणि त्या दोघांचा जीव कुणावर? नुसतं बसणारीवर. मी दिसले की ठमी चोच आपटून "हं, आली झाडूवाली" अशी सरकते.

असो. मटार आज सात. पण काहीतरी बिनसलं आहे. ती छातीवरची पिसं स्वतःच उपटते. सकाळी पेंढ्यात मूठभर पांढरी पिसं सापडतात. उन्हाचा पत्ता नाही तरी चोच उघडी टाकून धापा टाकते. नाहीतर भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत फेऱ्या घालते. मी आत गेले की कोपऱ्यात दडते आणि पाठ करते. मी दार आणखी घट्ट लावते, चपला बाहेर काढून जाते, श्वाससुद्धा हळू घेते. काही फरक नाही. हे म्हणाले, "तू नर्स झाली असतीस तर पेशंट घाबरूनच बरे झाले असते." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

आता दुसरं. काकांची मधली मुलगी येऊन गेली. तुमच्याकडे दोन तास बसली होती म्हणे. सांगत होती, "अगं, काकू ओळखू येत नाही! बॉयकट! आणि कशी हसते! खुर्चीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालते आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारते, लग्न ठरलं का तुझं?"

बारा वर्षं तिची वेणी मी घातली. गुंता सोडवताना एक केस तुटू दिला नाही. आजारपणातसुद्धा उशीवर बसवून, मागे टेकवून, रोज. तू एका दुपारी कात्री लावलीस. मला विचारायचंस तरी. मधलीला मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तिने नाही गं कापले. काकूनेच मागे लागून कापून घेतले."

हे तर आणखी वाईट.

आणि टॉवेल? माझ्याकडे मी तिला काडी इकडची तिकडे करू दिली नाही. तुझ्याकडे कामाला लावलं आहेस आणि वर ती हसते. हे कसं काय, ते एकदा मला समजावून सांग. रेघेखाली.

ताई


गुरुवार, १३ फेब्रुवारी

छोटे,

आई, सगळं क्षेम. ठमीने आज पाण्यात पाय भिजवले.

———

काल ठमीला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर वयाने तुझ्या निम्मे असतील, पण बोलणं सासऱ्यासारखं. पट्टी सोडली, तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "पट्टी कोण बांधतं?"

"मी."

"दहा-अकरा दिवसांत इतकी स्वच्छ भरलेली जखम मी बघितली नाही."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी तिच्या छातीवरून बोट फिरवलं आणि तिथेच थांबले.

"जखम बरी होतेय ताई. बदक बरं होत नाहीये."

"म्हणजे?"

"हाड हाताला लागतंय. पिसं उपटतंय. हे कुणाबरोबर असतं?"

"कुणाबरोबर नाही. वेगळी खोली आहे. दार बंद. एकदम शांत."

"ह्याच्या जोडीला नर होता ना?"

"त्याला बाहेर ठेवलाय. लागण नको."

"पायाच्या गळवाची लागण?" असं विचारलं आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"मग त्रास नको म्हणून. तो सारखा पुटपुटत असतो. हिला आराम नको का?"

तेव्हा त्यांनी ठमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्टूल ओढून समोर बसले. "कळपातल्या जनावराला शांतता म्हणजे आराम नाही. आजूबाजूची सगळी एकदम गप्प झाली, की कोल्हा आलाय असं त्याला वाटतं. तुमचं बदक अकरा दिवस कोल्ह्याची वाट बघत बसलंय."

ठमी मांडीवर थरथरत होती. पहिल्यांदाच तिला इतका वेळ हातात धरलं होतं. वजन काहीच नव्हतं, उशीत कापूस कमी पडावा तसं.

त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून आणलं आहे. खिडकीवरची चादर काढा. नर आत आणा, पण मध्ये जाळी ठेवा, नाहीतर तो अंगावर जाईल. तिला तो दिसू दे, ऐकू येऊ दे. घरात नेहमीसारखं बोला, भांडी वाजू द्या. रोज ठरल्या वेळी खाणं, ठरल्या वेळी उथळ पाण्यात दहा मिनिटं. आणि शेवटी, "कुणीतरी जवळ बसा. सारखं उचलू नका, काही करायला जाऊ नका. नुसते बसा."

तुझ्या सहा ओळींतलंच वाक्य. आईने आणि ह्या पोराने संगनमत केल्यासारखं.

येताना गाडीत टोपली मांडीवर होती आणि मला आईची खोली दिसायला लागली. मी रेडिओ काढून नेला होता, झोपमोड होते म्हणून. रस्त्याकडची खिडकी लावून घेतली होती, धूळ येते म्हणून. शेजारणींना दारातूनच परत पाठवत होते. आतून आई विचारायची, "कोण आलं होतं गं?" मी म्हणायचे, "कुणी नाही. तू पड." आणि मला स्वतःचं कौतुक वाटायचं की बघा, कशी सेवा चालली आहे.

माझं चुकलं असं मी म्हणत नाही. हाड माझ्याच घरात जुळलं. तू दोन दिवसांसाठी आलीस, खिडकी उघडलीस, तिच्या पलंगावर पाय वर घेऊन बसलीस आणि तिला दम लागेपर्यंत हसवलंस. तिसऱ्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला तुझ्याकडे घेऊन चल." तुला म्हणाली. मी तिचा काढा घेऊन दारात उभी होते.

तेव्हा मी तुला "आयत्या बिळावर नागोबा" म्हटलं. तो शब्द मी परत घेत नाही. लिहिताना हात अडखळला, एवढंच सांगते.

ताई


सोमवार, १७ फेब्रुवारी

छोटे,

आज रेघ नाही. सगळं मोठ्याने वाच.

आई, तुझ्यापासून लपवलं, त्याची क्षमा कर. तुझी ठमी आजारी आहे. पायाला गळू झालं होतं, ते कापलं, पण तेव्हापासून तिने मनच काढून घेतलं आहे. खात नाही. छातीवर पीस राहिलं नाही. दाराकडे बघत बसते, कुणाची वाट बघते ते मी तुला सांगायला नको. डॉक्टर म्हणतात, तिला आपलं माणूस जवळ हवं. मला वाटतं, थोड्या दिवसांची सोबतीण आहे. तुला बघायचं असेल तर वेळ घालवू नकोस.

तुझी खोली तयार आहे. खिडकी उघडी ठेवली आहे. रेडिओ पुन्हा उशाशी ठेवला आहे.

तुझी मोठी


शनिवार, २२ फेब्रुवारी

छोटे,

हे सगळं तुझ्यासाठी. आईला काय सांगायचं ते शेवटी लिहिते.

तुझं पत्र मिळालं. या वेळी चार पानं, म्हणजे खरंच चिडली आहेस. "आईने पिशवी भरली आहे. दाराशी खुर्ची टाकून बसली आहे. नऊ तासांचा प्रवास, खुब्यात सळई, आणि डॉक्टरांनी जिना उतरायलाही बंदी केलेली. ती म्हणते, मला खाली न्या नाहीतर मी घसरत जाईन. ताई, एका बदकासाठी तू आईला मारणार आहेस का?"

नाही. बदकासाठी नाही.

ऐक. मागच्या सोमवारी सकाळी ठमीने बेचाळीस मटार खाल्ले होते. बेचाळीस. मी वहीत आकडा मांडला, वही मिटली आणि मग ते पत्र लिहायला बसले.

डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी चादर काढली. ह्यांनी जुन्या खिडकीची जाळी मध्ये उभी केली आणि मास्तरला आत आणलं. तो जाळीपाशी आला, मान वर-खाली केली आणि घशातल्या घशात काहीतरी घोगरं बोलला. बस, एवढंच. ठमी उठली, लंगडत गेली, जाळीला अंग टेकून बसली आणि तिथेच असलेल्या ताटलीवर तुटून पडली. अकरा दिवस हातात मटार धरून माझे गुडघे मोडले होते. मी समोरच होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या मास्तरचा राग आला.

मग हे. हे उलट्या बादलीवर बसून तिथे पेपर वाचायला लागले, मोठ्याने. त्यातही निधनवार्ता. "बघ ठमे, हेही गेले, आमच्या ऑफिसला होते, एक नंबरचे चिक्कू." आणि ती मान वाकडी करून ऐकते! ह्यांच्या बुटाची लेस ओढते! मीही माझं रोजचं वाचन तिथे नेलं. देवाचं नाव मोठ्याने घेतलं तर तिने तोंड फिरवून पंख साफ करायला घेतले. हे म्हणाले, "तू वाचत नाहीस, तू तिला बजावतेस."

आणि तिथेच, वाचता वाचता, माझ्या मनात आलं: ही बरी झाली तर आईला यायला कारण उरत नाही.

मी वाचन थांबवलं नाही. तोंडाने देव चालू होता आणि आत हे चालू होतं. मी जितकं नीट करीन तितकी आई तुझी. पट्टी चांगली बांधली तर आई तुझी. ताटली वेळेवर भरली तर आई तुझी. मग मी सोमवारचं पत्र लिहिलं.

पत्र टाकून आले त्या दुपारी मी आणखी एक केलं. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. मास्तरला परत अंगणात सोडावं, जाळी काढावी, दार लावून घ्यावं, म्हणजे पत्रात लिहिलं ते खोटं तरी होणार नाही, असं वाटलं. मी त्या खोलीपर्यंत गेले. कडीला हात लावला. आतून दोघांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, दोन म्हाताऱ्यांनी भाव विचारावेत तसं. मी तिथे किती वेळ उभी होते ठाऊक नाही. मग मोरीत जाऊन साबण लावून हात धुतले. कडी स्वच्छच होती, मीच पुसते रोज.

दार लावलं नाही. एवढंच माझ्या बाजूने आहे, बाकी काही नाही.

तेव्हा आईला सांग, ठमी बरी आहे. जाळी काढली. दोघं एकत्र आहेत. छातीवर नवी पिसं फुटताहेत, खुंटाएवढी. मोठीने खोटं लिहिलं, तिला आई हवी होती म्हणून, हेही सांग. माझ्यासाठी शब्द मऊ करू नकोस. आणि पिशवी सोडायला लाव.

ताई


गुरुवार, २७ फेब्रुवारी

छोटे,

तर तिचा विश्वास बसत नाही.

तुझ्या पत्रातलं तिचं बोलणं मी चारदा वाचलं. "मोठीचं पत्र चार-चार पानी येतं आणि तुझं वाचून दोन मिनिटांत संपतं. माझे डोळे गेले आहेत, कान घरातल्या घरात शाबूत आहेत. कागद उलटल्याचे आवाज येतात मला. तुम्ही दोघी संगनमताने मला गाळून वाचून दाखवता. परवापर्यंत मरायला टेकली होती ती आज बरी? म्हणजे गेली. सांगायची हिंमत नाही तुमच्यात."

ही रेघेची अक्कल माझी. तिला त्रास नको म्हणून. आयुष्यभर हेच कारण.

आणि ती आता दुकानात येत नाही, टॉवेलांना हात लावत नाही, दाराशी पिशवी पायात धरून बसते, अर्धी पोळी खाते आणि अर्धी ठेवते, हे तू लिहिलंस. ते वाचून मला एक क्षण बरं वाटलं, हेही लिहून टाकते. वाटलं, तुझ्याकडेही रुसते तर. पण ते बरं वाटणं पाणी पिऊन होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. मला माहीत आहे ती कशी दिसत असेल. मी अकरा दिवस तेच बघितलं आहे.

तू म्हणतेस, ठमीला घेऊन ये, तिच्या मांडीवर ठेव, म्हणजे प्रश्न मिटला. मीही तेच मनात धरून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "नऊ तास टोपलीत? गाडीचे हॉर्न, अनोळखी घर, तिसरा मजला, जोडीदार नाही? जेवढं कमावलंत तेवढं घालवून याल. निदान दोन महिने तरी जागा बदलू नका." मी आईबद्दलही विचारलं, जनावरांच्या डॉक्टरांना. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना तर मुळीच आणू नका."

म्हणजे आई येऊ शकत नाही. ठमी येऊ शकत नाही. फोन ऐकू येत नाही, आणि कागदावरचा विश्वास आपण दोघींनी मिळून घालवला. प्रवास झेपेल अशी मी एकटीच उरले.

शनिवारच्या पहिल्या गाडीने निघते. साडेतीन-चारपर्यंत पोचेन. घ्यायला येऊ नकोस, दुकान बंद ठेवू नकोस. पत्ता पाकिटावर लिहून लिहून पाठ झाला आहे. माझ्यासाठी वेगळी गादी काढू नकोस, आईजवळ खाली सतरंजी पुरेल. राहीन तीन दिवस. ठमीकडे हे बघतील. पट्टी आता लागत नाही, मटार मोजून डब्यात भरून ठेवले आहेत. मी निघणार कळल्यापासून हे फार खूश आहेत. म्हणतात, "तू ये जाऊन सावकाश, आम्ही तिघं आहोत ना." तिघं!

नुसत्या हाताने आले तर माझ्या बोलण्यावरही ती विश्वास ठेवणार नाही. का ठेवावा? पण आज सकाळी एक गोष्ट झाली. मी खोलीत गेले तर ठमी पेंढ्यातून उठेना. वाटलं, लिहिलं ते खरं होतंय. शेजारी बसले. तिने माझ्याकडे बघितलं, एकदा चोच उघडली, मिटली, आणि मग उठून अंग झटकून ताटलीकडे चालती झाली. पेंढ्यात अंडं होतं. गरम. थंडीभर तिने अंडं दिलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ज्या बदकाला भीती वाटते ते अंडं देत नाही.

तिच्या अंड्याच्या निमुळत्या टोकाला खरखरीत कडं असतं, तुला माहीत नसेल. दुसऱ्या कुठल्या बदकाच्या अंड्याला मी ते बघितलेलं नाही. आईने हात लावला की तिला कळेल. तिच्या कपाटातल्या लोकरी मोज्यात गुंडाळून डब्यात ठेवलं आहे आणि डबा मांडीवरून हलवणार नाही.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. दार तूच उघडशील. "ये" म्हण किंवा म्हणू नकोस, पण मला दारात थांबवू नकोस. भांडायचं असेल तर संध्याकाळ मोकळी आहे, मलाही पुष्कळ बोलायचं आहे, त्या केसांबद्दल तर बोलायचंच आहे. पण आधी मला सरळ आईकडे जाऊ दे. अंडं तू हातात घेऊ नकोस, बघायलाही मागू नकोस. मी ते तिच्या तळव्यावर ठेवीन आणि खोटं मी लिहिलं हे माझ्या तोंडाने सांगीन. ती चाचपत असेल तेव्हा तू काही बोलू नकोस, तिला हसवू नकोस. एक मिनिट. तेवढं मला दे.

बाकी सगळं तुझ्याकडे आहेच.

ताई